न्यू जर्सीतल्या जुन्या आयरिसच्या ठोंबांना फुले का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या शरदात मध्य न्यू जर्सीत जुने घर घेतले. कुंपणालगत आयरिसचे मोठे ठोंब आहेत. मे महिन्यात पाने भरघोस आली, पण फुलदांडे जेमतेम तीन-चार निघाले, तेही ठोंबाच्या कडेला. आता जूनमध्ये काही पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या आणि ओलसर दिसतात. एक गड्डा दाबून पाहिला, तर तो आतून लिबलिबीत झालेला होता आणि त्याला असह्य दुर्गंधी येत होती. औषध कोणते मारावे, खोदायचे असल्यास केव्हा, हा वाण कोणता आणि यांतले काही गड्डे साताऱ्याला आईकडे नेता येतील का?

औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी ठोंब खोदून विभागणे आवश्यक आहे आणि न्यू जर्सीच्या हवामानात त्यासाठी योग्य काळ जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा आहे. फुले न येणे आणि गड्डे सडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत, परंतु दोन्हींवरचा उपाय एकाच खोदणीत होतो. त्यामुळे घाईने दुकानातून कीटकनाशक आणू नये. आज, म्हणजे जूनमध्येच करण्यासारखे एक छोटे काम मात्र आहे, ते पुढे ओघात सांगते.

प्रथम एक खातरजमा करून घ्यावी. आयरिस या प्रजातीत सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांच्या गरजा कधी कधी एकमेकींच्या अगदी उलट असतात. माझे पुढचे सर्व विवेचन दाढीवाल्या आयरिससाठी आहे. त्याच्या फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या राहतात, तीन खाली झुकतात आणि झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर केसाळ पट्टा असतो. तीच त्याची दाढी. फुले संपली असतील तर जमिनीशी पाहावे. बोटापेक्षा जाड, आडवा गड्डा मातीच्या पृष्ठभागावर पसरलेला असेल आणि त्याच्या टोकाला रुंद, चपटी पाने पंख्यासारखी निघाली असतील, तर तो दाढीवाला आयरिसच आहे. सायबेरियन आयरिसची पाने गवतासारखी अरुंद असतात आणि त्याला असा जाड गड्डा नसतो. जपानी आयरिसच्या पानावर मधली शीर स्पष्ट उठून दिसते आणि त्याला आम्लधर्मी माती व भरपूर पाणी लागते. त्याला मी पुढे सांगते तशी कोरडी वागणूक दिली, तर तो टिकणार नाही. आपण दाबून पाहिलेल्या गड्ड्याच्या वर्णनावरून मात्र आपल्याकडे दाढीवाला आयरिस आहे, याविषयी मला फारशी शंका वाटत नाही.

आता फुलांविषयी. दाढीवाल्या आयरिसचा एक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. केळीचा घड उतरला की तो खुंट संपतो आणि पुढचा घड बाजूच्या मुनव्यावर येतो, तसाच हा प्रकार आहे. फुललेल्या गड्ड्याच्या दोन्ही अंगांना नवे कोंब फुटतात, त्यांचे गड्डे बनतात आणि पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वसंतात ते फुलतात. जुना गड्डा लगेच मरत नाही. त्यातला अन्नसाठा काही काळ पिल्लांना मिळत राहतो, परंतु त्यातून पुन्हा फुलदांडा निघत नाही. चार-पाच वर्षे ठोंब तसाच राहिला की मध्यभागी अशा निवृत्त गड्ड्यांची दाटी होते, नवे गड्डे एकमेकांच्या अंगावर चढतात, त्यांच्या मुळांना मातीच मिळत नाही, आणि ज्यांना बाहेरच्या कडेला मोकळी जागा सापडते तेवढेच फुलतात. आपल्याकडे तीन-चार दांडे निघाले आणि तेही कडेला निघाले, याचे स्पष्टीकरण बहुतांशी इथेच आहे. आधीच्या मालकांनी बरीच वर्षे ठोंब हलवलेले नसावेत.

पाने भरघोस आणि फुले नाहीत, यामागे दाटीखेरीज आणखी काही कारणे असू शकतात, आणि उपनगरातल्या अमेरिकी घरांत ती सगळी एकत्र नांदताना दिसतात. पहिले कारण हिरवळीचे खत. न्यू जर्सीत २०११ मध्ये खतांविषयी कायदा झाल्यापासून हिरवळीच्या खतांत स्फुरद सहसा नसतो, म्हणजे ते खत मुख्यत्वे नत्राचेच असते. ते कुंपणापर्यंत उडाले की आयरिसची पाने माजतात, गड्डे मऊ राहतात, फूल धरत नाही आणि सडण्याची प्रवृत्ती वाढते. दुसरे कारण सावली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लावलेले मेपलचे रोप आज वृक्ष झालेले असते आणि ज्या जागी पूर्वी दिवसभर ऊन होते तिथे आता दुपारी दोननंतर सावली पडते. आयरिसला निदान सहा तास थेट ऊन लागते. अर्ध्या दिवसाच्या उन्हात झाड जगते, पण फुलण्याबाबत हात आखडता घेते. तिसरे कारण मल्च, आणि याविषयी मला थोडे कठोर बोलावेसे वाटते. बागेची देखभाल करणारी मंडळी दर वसंतात रंगवलेल्या लाकडी तुकड्यांचा तीन इंच थर सरसकट सगळ्या वाफ्यांवर पसरून जातात. हायड्रेंजाला तो मानवतो. आयरिसच्या गड्ड्याला मात्र पाठीवर ऊन आणि वारा हवा असतो. ओलसर आच्छादनाखाली तो गाडला गेला की फूल कमी होते आणि सडणे सुरू होते. आपल्याकडे असा थर असेल तर तो आजच हाताने बाजूला करावा. याच वेळी हिरवळीसाठी बसवलेले स्वयंचलित फवारे रोज पहाटे या ठोंबांवर पाणी मारत नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

दुर्गंधीचा उगम मात्र वेगळा आहे. कुरतडलेल्या, ओलसर कडा आणि लिबलिबीत गड्डा ही जोडी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या राज्यांत दिसली, की पहिला संशय आयरिस बोअररवर घ्यावा. शास्त्रीय नाव मॅक्रोनॉक्टुआ ओनुस्टा. हा एक मातकट तपकिरी रंगाचा, रात्री उडणारा पतंग आहे. शरदात मादी वाळलेल्या पानांवर आणि बुडाशी साचलेल्या कचऱ्यावर अंडी घालते. पतंग थंडीत मरतात, अंडी हिवाळा काढतात. एप्रिल-मेमध्ये नवी पाने वीतभर झाली की अंड्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात, पानावर चढतात आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडून पानाच्या दोन पदरांमध्ये शिरतात. तिथून त्या खाली उतरत जातात. पानावर ओघळलेल्या अश्रूसारखी ओलसर रेघ दिसते, कडा खाचखळग्यांच्या होतात आणि पंख्याच्या बुडाशी भुशासारखी विष्ठा साचते. जुलैपर्यंत अळी गड्ड्यात पोचते आणि तो आतून पोखरते. या वेळी तिला पाहिले तर ती दीड-दोन इंच लांब, गुलाबट अंगाची, तपकिरी डोक्याची आणि कुशीवर काळ्या ठिपक्यांची रांग असलेली दिसते. एका गड्ड्यात बहुधा एकच अळी सापडते, कारण या अळ्या एकमेकींना खातात. उन्हाळा संपता संपता ती मातीत जाऊन कोषात बसते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा पतंग बाहेर पडतो. वर्षाला एकच पिढी होते, आणि आपल्या दृष्टीने हीच सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण वर्षाच्या ज्या टप्प्यावर साखळी तोडणे सोपे आहे तिथे ती एकदा तोडली की त्या वर्षाचा प्रश्न मिटतो.

अळीने केलेल्या जखमेतून जिवाणू आत शिरतात आणि गड्डा कुजू लागतो. दुर्गंधी या जिवाणूंची असते. अनेक जण केवळ कुजण्यावर उपाय करतात आणि शेजारच्या गड्ड्यात जिवंत अळी तशीच राहते. ओरेगॉनमध्ये, जिथे देशातले मोठे आयरिस-उत्पादक आहेत, ही कीड आढळत नाही. म्हणून तिथल्या बागायतदाराने आपल्या अनुभवावरून दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. बोअरर नसतानाही अतिपाण्याने किंवा खोल लावण्याने गड्डे सडतात हे खरे, पण मग पानांच्या कडा अशा खाल्लेल्या दिसत नाहीत.

आज करायचे काम ते हे. दुपारच्या उजेडात प्रत्येक पंखा बुडापासून पाहत जावा. जिथे ओलसर रेघ दिसेल तिथे ते पान अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून रेघेच्या खालच्या टोकापासून वर, मग पुन्हा वरून खाली, असे घट्ट दाबत न्यावे. अळी पानातच असेल तर ती चिरडली जाते आणि बोटांना ती लहानशी गाठ जाणवतेही. ज्यांना हे किळसवाणे वाटते त्यांनी ते पान अळीच्या जागेच्या खालून कापून पिशवीत बांधावे. कंपोस्टच्या ढिगात टाकू नये. लिबलिबीत झालेले गड्डे आताच उपटून घरच्या कचऱ्यात द्यावेत. मात्र बाकीच्या निरोगी पानांना हात लावू नये. फुले संपल्यावर पाने अर्ध्यावर छाटून त्यांना नीटनेटका आकार देण्याची पद्धत इथे फार रूढ आहे आणि मला ती पटत नाही. पुढच्या मेमध्ये येणारी कळी याच उन्हाळ्यात या पानांनी तयार केलेल्या अन्नावर गड्ड्यात आकार घेते, तेव्हा पान हिरवे आहे तोवर ते झाडाकडे राहू द्यावे. पाने छाटायची ती फक्त गड्डा जागचा हलवताना, कारण त्या वेळी मुळे तुटलेली असतात आणि एवढ्या पानांना पाणी पुरवणे गड्ड्याला झेपत नाही.

जुलैच्या मध्यानंतर, दोन-तीन दिवस पाऊस पडलेला नसेल अशा वेळी खोदणीला हात घालावा. ठोंबाच्या बाहेर सहा इंचांवर काटेरी फावडे चहूबाजूंनी खुपसून संपूर्ण ठोंब खालून उचलावा. मध्येच कुदळ घालून तोडू नये. नळीच्या पाण्याने माती धुऊन काढली की समोर जे दिसते ते एकदा शांतपणे पाहण्यासारखे असते. मधले गड्डे करड्या सालीचे, सुरकुतलेले, मुळे वाळून दोऱ्यासारखी झालेले असतात आणि त्यांच्या टोकाशी, पूर्वी जिथे फुलदांडा होता तिथे, वाळलेला गोल वण असतो. त्यांच्या कुशीतून निघालेले नवे गड्डे फिकट, टणटणीत असतात. त्यांची मुळे जाड आणि पांढुरकी असतात आणि टोकाला हिरवा पंखा असतो. जुना आणि नवा यांच्यामध्ये अंगठीएवढी एक चिंचोळी मान असते. तिथे नुसते पिळले तरी बहुतेक वेळा दोन्ही अलग होतात. न झाल्यास धारदार सुरीने कापावे. वण असलेले सगळे जुने गड्डे फेकून द्यावेत. इथे मन घट्ट करावे लागते, कारण ते वरून चांगले टणक दिसतात, परंतु जागा अडवण्याखेरीज त्यांचा आता उपयोग नाही. मोठ्या ठोंबातून निम्म्याहून अधिक माल असा बाद झाला तरी वाईट वाटून घेऊ नये.

ठेवलेला प्रत्येक गड्डा अंगठ्याने सर्व बाजूंनी दाबून तपासावा आणि त्याला छिद्र आहे का ते पाहावे. छिद्र असल्यास अळी आत आहे असे समजून तार घालून किंवा कापून तिला बाहेर काढावे. एखादा गड्डा थोडाच मऊ असेल तर जुन्या चमच्याने कुजलेला भाग पांढऱ्या, टणक गरापर्यंत खरवडून काढावा. सर्व गड्डे एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात काही मिनिटे बुडवून काढावेत आणि सुरीही दर ठोंबामागे त्याच द्रावणात बुडवावी. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही स्वच्छताद्रव्य मिसळू नये, आणि हातमोजे घालावेत, कारण आयरिसचा रस काहींच्या त्वचेला खाजवतो. घरात कुत्रा किंवा मांजर असल्यास खोदलेले गड्डे त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवावेत; पोटात गेल्यास त्यांना उलट्या-जुलाब होतात. यानंतर पाने सहा इंचांवर छाटावीत आणि गड्डे सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस पसरून ठेवावेत, म्हणजे कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरते. ते चार-पाच दिवस राहिले तरी बिघडत नाही. या झाडाचा गड्डा कोरड्या जागी काही आठवडे तग धरतो आणि उत्पादकांकडूनही तो मातीविनाच, कागदात गुंडाळून येतो.

लावण्यासाठी त्याच जागेचा आग्रह धरू नये. घराच्या दक्षिण किंवा पश्चिम बाजूची, पावसाचे पाणी न साचणारी जागा शोधावी. मध्य न्यू जर्सीत पुष्कळ ठिकाणी चिकण माती आहे. तिथे खड्ड्यात वाळू टाकण्यापेक्षा पाच-सहा इंच उंचीचा गादीवाफा करणे केव्हाही चांगले, कारण चिकण मातीतल्या खड्ड्यात भुसभुशीत माती भरली तर पावसात त्याची तळी होते. मातीचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएचचा आकडा, ६.८ च्या आसपास हवा. इथली माती बहुधा त्यापेक्षा आम्लधर्मी निघते, तरी चुना अंदाजाने घालू नये. रटगर्स विद्यापीठाच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेकडे नमुना पाठवला की किती चुना लागेल हे लेखी कळते. आळ्याच्या मध्यभागी मातीचा छोटा उंचवटा करावा, त्यावर गड्डा घोडेस्वारासारखा बसवावा, मुळे दोन्ही बाजूंनी खाली सोडावीत आणि माती घट्ट दाबावी. काम झाल्यावर गड्ड्याची पाठ मातीच्या पातळीला, किंचित उघडी दिसली पाहिजे. रेताड जमिनीत वर अर्धा-एक इंच माती चालते, चिकण जमिनीत नाही. आपल्याकडच्या हळदीच्या किंवा आल्याच्या लावणीची सवय असलेल्या हातांना हे उघडे ठेवणे अपुरे वाटते आणि नकळत वर माती ओढली जाते, तेवढे टाळावे. दोन गड्ड्यांत बारा ते अठरा इंच अंतर ठेवले तर तीन-चार वर्षे पुन्हा खोदावे लागत नाही. एकाच वाणाचे तीन गड्डे एकत्र लावताना तिन्ही पंख्यांची दिशा एकच ठेवावी, कारण गड्डा पंख्याच्या बाजूने पुढे सरकत वाढतो आणि समोरासमोर लावलेले गड्डे दोन वर्षांत एकमेकांना भिडतात.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि पहिले तीन आठवडे माती वरून सुकल्यावर पुन्हा द्यावे. मध्यभागी नवे पान निघाले की मुळे धरली असे समजून हात आवरावा. नंतर दीर्घ कोरडा काळ आला तरच पाणी. खत पहिल्या वर्षी नसले तरी चालते. पुढे ५-१०-१० सारखे कमी नत्राचे खत वसंताच्या आरंभी आणि फुले संपल्यानंतर महिन्याभराने, ठोंबाभोवती गोल टाकावे, गड्ड्यावर टाकू नये. ताजे शेणखत कोणत्याही कारणाने वापरू नये. सप्टेंबरच्या मध्यानंतर लावणी टाळावी, कारण कडक हिमतुषार पडण्याआधी मुळांना निदान सहा आठवडे मिळाले नाहीत, तर हिवाळ्यात माती गोठते-वितळते तेव्हा गड्डे उचलून वर येतात. उशीर झालाच तर जमीन गोठल्यावर पाइनच्या फांद्या हलक्या हाताने वर टाकाव्यात आणि मार्चमध्ये न विसरता काढाव्यात. हरणांची चिंता करू नये. न्यू जर्सीतली हरणे होस्टा आणि ट्युलिप फस्त करतात, पण आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत.

बोअररची साखळी तोडण्याची जागा म्हणजे शरदातली सफाई, आणि तिच्यापुढे सर्व औषधे दुय्यम आहेत. दोन-तीन वेळा कडक हिमतुषार पडून पतंग मेले, की साधारण नोव्हेंबरअखेर, वाळलेली सर्व पाने बुडापासून काढावीत, गड्ड्यांमधला कचरा हाताने वेचावा आणि सगळे पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. पतंग अंडी घालत असताना, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी, केलेली सफाई अर्धवट ठरते. नोव्हेंबर हुकला तर मार्च संपण्याआधी तरी करावीच. एवढे करूनही पुढच्या मेमध्ये पानांवर रेघा दिसल्या, तर किडींच्या अळ्यांवर जगणारे उपयुक्त सूत्रकृमी विकत मिळतात, ते वसंतात संध्याकाळी ओल्या मातीत सोडावेत. झाडाच्या अंगात भिनणारी रासायनिक कीटकनाशके मी सुचवत नाही, कारण ती मे महिन्यात फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांपर्यंत पोचू शकतात आणि घरगुती बागेतल्या दोन-चार ठोंबांसाठी ती जोखीम पत्करण्याचे कारण नाही. पानांवर तपकिरी कडांचे ठिपके पडतात तो बुरशीचा रोग आहे. तो दिसायला वाईट असतो, झाड मारत नाही आणि याच सफाईने आटोक्यात राहतो.

वाणाचे नाव शोधण्याबाबत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवावी. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० मध्ये स्थापन झाली आणि कंदवर्गीय सोडून बाकी सर्व आयरिसच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी तिच्याकडेच होते. आजवर नोंदलेल्या वाणांची संख्या इतकी प्रचंड आहे, आणि त्यांत जांभळ्या रंगाचे वाण इतके आहेत, की केवळ छायाचित्रावरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. पुढच्या मेमध्ये फुलदांड्याची उंची मोजावी: ती साडेसत्तावीस इंचांहून अधिक असेल तर तो उंच दाढीवाल्यांच्या वर्गातला, सोळा इंचांपर्यंत असेल तर बुटक्यांतला, आणि मधला असेल तर फुलण्याच्या दिवसांवरून व फुलाच्या आकारावरून वर्ग ठरतो. दांड्याला फांद्या किती, कळ्या किती, दाढीचा रंग कोणता, सुवास कसा, हेही टिपून ठेवावे. मग मे महिन्याच्या उत्तरार्धात अपर माँटक्लेअर येथील प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्समध्ये जावे. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये उभारलेल्या या बागेत हजारो आयरिस नावाच्या पाट्यांसह, जुन्यांपासून नव्यांपर्यंत, रांगेने लावलेले आहेत. फूल हातात घेऊन पाटीशी ताडून पाहण्याइतकी खात्रीची दुसरी सोय आपल्या राज्यात नाही. तिथेही जुळले नाही तर पाटीवर ‘नॉइड’ लिहावे. आयरिसवाले नाव नसलेल्या झाडाला असेच म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. अंदाजाचे नाव लिहून तो गड्डा शेजाऱ्याला दिला, की ती चूक पुढे दहा अंगणांत जाते.

त्याच फेरीत नव्या वाणांची निवडही करून घ्यावी. खरेदी जुलैनंतरच करावी, शक्यतो सोसायटीच्या स्थानिक शाखांच्या गड्डा-विक्रीतून, कारण तिथला माल याच मातीत वाढलेला असतो आणि स्वस्तही पडतो. सुरुवातीला गेल्या एक-दोन वर्षांतले महागडे नवे वाण घेऊ नयेत. गर्द जांभळा ‘डस्की चॅलेंजर’ हा १९८६ चा, गुलाबी ‘बेव्हर्ली सिल्स’ १९७९ चा; दोघांनाही अमेरिकेतले या क्षेत्रातले सर्वोच्च डाइक्स पदक मिळालेले आहे आणि दोघेही आज सहज मिळतात. शरदात पुन्हा फुलणारा हवा असेल तर पांढरा ‘इमॉर्टॅलिटी’ इथल्या थंडीत भरवशाचा आहे. लालभडक आयरिस कोणी विकत असेल तर घेऊ नये. दाढीवाल्या आयरिसमध्ये खरा लाल रंग अजून कोणालाही साधलेला नाही. ज्याला लाल म्हणतात तो विटकरी किंवा मरून असतो.

साताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. मुळे असलेला कोणताही वनस्पतीचा भाग भारतात आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. सामानातून गुपचूप नेणे बेकायदा तर आहेच, शिवाय बोअररसारखी कीड नव्या देशात पोचवण्याचा तोच राजमार्ग आहे. दुसरे कारण हवामान. दाढीवाल्या आयरिसला फुलण्यासाठी काही आठवड्यांची खरी थंडी लागते, ती साताऱ्याच्या डिसेंबरात मिळत नाही, आणि जून ते सप्टेंबर सतत भिजणाऱ्या जमिनीत उघडा गड्डा पहिल्याच पावसाळ्यात कुजतो. भारतात हे झाड नाहीच असे नव्हे. काश्मीरमध्ये कबरस्तानांत पांढरे आयरिस पिढ्यान्‌पिढ्या फुलत आले आहेत, तिकडे त्याला मझारमुंड म्हणतात, आणि हिमालयात आयरिसच्या रानटी जातीही आहेत. पण ती सारी थंड प्रदेशातली मंडळी आहेत.

आईंसाठी त्याच कुळातली, उष्ण हवेत रमणारी झाडे घ्यावीत. नर्सरीत ‘वॉकिंग आयरिस’ नावाने मिळणारी निओमारिका साताऱ्यात कुंडीतही चांगली येते. तिचे फूल एकच दिवस टिकते, पण दांड्याच्या टोकाला रोप तयार होते, दांडा वाकून ते मातीला टेकते आणि तिथेच मुळे धरते. तिला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. भर उन्हासाठी डायटिस आहे. शहरांतल्या रस्त्यांच्या दुभाजकांत ती लावलेली आढळते, पाणी कमी लागते आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे बहर अधूनमधून येत राहतात. तिसरे झाड नारिंगी ठिपकेदार फुलांचे, जुन्या बागांत पूर्वीपासून असलेले बेलमकांडा. डीएनएच्या अभ्यासानंतर २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची गणना आयरिसमध्येच केली आणि त्याला आयरिस डोमेस्टिका असे नाव दिले. ते बियांपासून सहज येते. ‘इंद्रधनुषी आयरिसचे बी’ म्हणून निळ्या-काळ्या-लाल फुलांची चित्रे छापून जी पाकिटे विकली जातात, त्यांत मात्र पैसे घालू नयेत असे आईंना आवर्जून सांगावे. दाढीवाल्या आयरिसचा कोणताही वाण बियांपासून मूळ रूपात येत नाही, त्याच्या बियांना रुजण्यासाठी थंडी लागते, आणि रुजलेच तर फूल दिसायला दोन-तीन वर्षे जातात.